साहेब येणार म्हणून कापलेलं गवत

मला कोणी पत्रकार म्हटलं तर मी हो म्हणते. लाजत नाही, फुगतही नाही. वर्ध्याहून एक छोटं साप्ताहिक निघतं. त्यात पाण्यापावसाचं एक पान असतं आणि त्यातल्या समुद्रपूर तालुक्याकडच्या बातम्या बहुतेक माझ्या असतात. छापताना त्या पानाला 'पर्यावरण आणि हवामान' म्हणतात. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढं निंदण, सोंगणी, कापूस वेचणं, आणि नवरा गेल्यावर शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवणं. एवढं सगळं झाल्यावर, गुडघे वावरात बसायला नको म्हणायला लागले तेव्हा हे काम आलं. उशिरा आलं, पण आलं.

साप्ताहिकाची संपादक एक बाई आहे. माझ्या मुलीच्या वयाची, तरी मी तिला ताई म्हणते आणि ती मला मावशी. एका वर्षी गारपीट झाली तेव्हा ती आमच्या गावात आली होती. चावडीपाशी माणसं जमली आणि जो तो सांगू लागला की सगळं गेलं. मी मागं उभी होते. मी म्हटलं, सगळं नाही गेलं. तूर गेली, संत्र्याचा बहार गेला, गहू अर्धा उभा आहे, खोटं वाटत असेल तर नाल्याच्या बाजूनं जाऊन पाहा. गावातल्या माणसांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांच्या ताटातली भाकर उचलली. ताई मात्र खरंच नाल्याकडं गेली. परत येऊन तिनं विचारलं की तुम्ही मला हे लिहून पाठवाल का. मी म्हटलं, लिहिता येतं पण हळू येतं. ती म्हणाली, गारपीट काही रोज होत नाही, लिहा सावकाश.

मी लिहिलं. कागदाचा फोटो काढून फोनवरून पाठवला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला आणि तिनं एकेका वाक्याला मला उभं केलं. हे कोणी सांगितलं? तुम्ही पाहिलं का? 'असं म्हणतात' लिहिलंय ते कोण म्हणतं? मला राग यायचा. एकदा मी तिला विचारलंसुद्धा की तू मास्तरीण आहेस की पोलीस. तिनं हसून पुढच्या वाक्याला हात घातला. आज सांगते, चौथीनंतर मला कोणी काही शिकवलं असेल तर ते या बाईनं. तिची स्तुती करून मला काही मिळायचं नाही. आहे ते सांगते.

या कामात काय असतं ते थोडं सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं मी हिंडून पावसाचे मिलीमीटर मोजते. सरकार बैठका घेतं. उन्हाळ्याच्या झळांचा आराखडा, नाल्यांचं खोलीकरण, रस्त्यासाठी तोडलेल्या झाडांच्या बदली लावायची झाडं, उन्हावरची वीज. मी मागच्या रांगेत बसते. पहिली दोन-तीन वर्षं अर्धं कळायचंच नाही. मग एवढं कळलं की वर्ध्याच्या सभागृहात एक गोष्ट ठरते, ती एसटीत बसून गावापर्यंत येते तेव्हा निराळी झालेली असते, आणि वाटेत तिचं काय झालं ती माझी बातमी. झळांच्या आराखड्यात लिहिलं होतं की दुपारी मजुरांना सावलीत बसवावं. वडनेरकडच्या एका कामावर मी गेले तर सावली म्हणून ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती आणि बाया तिच्याखाली आडव्या झाल्या होत्या. मी तेवढंच लिहिलं. नंतर तिथं हिरवी जाळी बांधली गेली. माझ्या बातमीमुळं की कोणाला बुद्धी झाली म्हणून, ते मला माहीत नाही.

माझी एक पद्धत आहे आणि ती कुठल्या शाळेतली नाही. आमच्या विहारात वर्षावासाचे महिने संध्याकाळी ग्रंथ वाचतात. वंदना झाली की एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. वाचणारा चुकला की मागून कोणीतरी टोकतं. मी बरीच वर्षं वाचणारी होते. माझा आवाज मोठा आहे आणि जोडाक्षराला मी अडत नाही, एवढ्यावर ते काम माझ्याकडं आलं होतं. बातम्या लिहायला लागल्यावर मी तेच केलं. ज्या गावची बातमी, त्या गावात जाऊन ती आधी मोठ्यानं वाचायची आणि मग पाठवायची. ताईला पहिल्यांदा हे पटलं नाही. तिचं म्हणणं, लोक नको ते काढायला लावतील. मी म्हटलं, चूक असेल तर सुधारू, खरं असेल ते काढायचं नाही. हा नियम मी प्रत्येक गावात वाचायच्या आधी सांगते. बहुतेक वेळा लोक ऐकतात, एखादं नाल्याचं नाव दुरुस्त करतात आणि चहा पाजतात.

एका गावात मात्र असं झालं नाही. ते गाव आमच्या गावाहून समुद्रपूरच्या रस्त्यानं थोडं पुढं आहे. गावाला मोठं गायरान आहे. मधून नाला जातो. नाल्याच्या अलीकडं काळी माती आणि पावसाळ्यानंतर कमरेएवढं गवत, पलीकडं मुरूम आणि गोटे. सरकारनं ठरवलं होतं की गावोगावच्या पडीक सरकारी जमिनीवर सोलरच्या प्लेटा लावायच्या, म्हणजे कास्तकाराला ओलितासाठी दिवसा वीज मिळेल. हे धोरण चांगलं आहे. मी हे कोणाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. माझ्या नवऱ्यानं दुसऱ्यांच्या वावरात रात्रीची ओलितं केली आहेत. थंडीत, पायाशी साप असेल की दोरी ते न दिसता. दिवसा वीज ही काय चीज आहे ते मला कोणी समजावून सांगू नये.

पण त्या गावात गायरानावर माझ्या ओळखीची एक बाई बकऱ्या चारायची. आम्ही दोघींनी एका ओळीत कापूस वेचलेला. तिचाही नवरा गेला. मुलगा पुण्याला कारखान्यात आहे आणि एका खोलीत बायकोपोरासह राहतो. तो वाईट नाही, दर रविवारी फोन करून ये म्हणतो. तिला जायचं नव्हतं. तिचं पोट बकऱ्यांवर होतं आणि बकऱ्या गायरानावर. दोन्ही बाजूंचं गायरान सोलरला गेलं तर बकऱ्या विकाव्या लागणार, आणि बकऱ्या विकल्या तर पुण्याला जाऊन मुलाच्या खोलीत कोपरा धरावा लागणार. ती मला म्हणाली, "पुण्याले जाऊन म्या काय करू? गॅलरीत बसून लोकाईच्या गाड्या मोजू?"

जागा पाहायला महसुलाचे मोठे साहेब येणार असं कळलं. आदल्या आठवड्यात मी गावात जाऊन सगळ्यांशी बोलून आले होते. बकऱ्यावाले, गाईवाले, ओलितवाले, सरपंच. सरपंच तिशी-पस्तिशीतला, कास्तकाराच्या घरचा, गावाला स्वच्छतेचं बक्षीस मिळवून दिलेला. त्या बक्षिसाची पाटी वेशीवर आहे आणि तो तिच्यासमोर फोटो काढल्याशिवाय कोणाला सोडत नाही. त्याला गायरान वाचवायचं होतं. म्हणाला, मावशी, पाहणीच्या दिवशी तुम्ही याच. आम्ही सगळं गवत दाखवतो, गुरं दाखवतो. तोंडानं काही सांगायची गरजच पडणार नाही.

त्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी उतरले आणि गायरानाकडं गेले. थंडीचे दिवस होते. नाल्याच्या अलीकडं उभी राहिले आणि मला वाटलं, आपण चुकीच्या बाजूला आलो. गवताची एक काडी नव्हती. जमीन बोडकी. बोरी-हिवराची झुडपं होती तिथं राखेचे ढीग. वाटेच्या दोन्ही कडांना चुन्याच्या पट्ट्या मारलेल्या. बाया कडेला झाडू घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडावर असा आनंद होता की जणू लग्नाचा मांडव घालून झाला.

सरपंच पांढरा शर्ट घालून आला. म्हणाला, "पाहा मावशी, कसं चकाचक केलं. दोन दिवस सारं गाव लागलं होतं."

 साहेबाची जीप यायला थोडाच वेळ होता आणि कापलेलं गवत बोलून परत उभं राहणार नव्हतं. मी माझ्या ओळखीच्या बाईला शोधलं. तीही झाडू घेऊन उभी होती. मी तिला बाजूला घेऊन विचारलं की गवत कोणी कापलं. ती म्हणाली, आमी सारे. मी विचारलं, तूही? तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी तिला वेडगळ काहीतरी विचारते आहे.

"सायेब येनार होते ना. घरी पाव्हना आला त आपून आंगन झाडतो का नाई?"

यात वेडेपणा नाही. आमच्याकडं साहेब येणार म्हटलं की गाव झाडतात, नाली उपसतात, शाळेच्या भिंतीला चुना मारतात. आमच्या आयांनी केलं, आम्ही केलं. साहेब काय पाहायला येतो याचा कोणी विचार करत नाही. येतो म्हणजे झाडायचं. मी स्वतः खिचडी शिजवायचे तेव्हा तपासणीच्या दिवशी चूलसुद्धा सारवायचे आणि त्या ओल्या चुलीवर मग खिचडी वेळेत शिजायची नाही.

साहेब म्हणजे बाईच निघाल्या. तरुण, अंगात सलवार-कुर्ता, पायात चांगले बूट, फोन हातात. उद्धट नव्हत्या. सगळं गायरान चालून पाहिलं. विचारलं की इथं काही उगवत नाही का. लोक म्हणाले, उगवते जी, लय उगवते; पण कापलं हे कोणी सांगितलं नाही. त्यांनी जमिनीकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं. मग त्या सरपंचाला म्हणाल्या, जागा फार स्वच्छ आहे. तिथं तो फसला. कौतुक ऐकलं की त्याला राहवत नाही. म्हणाला, आमच्या गावात बाराही महिने असंच असते, मॅडम. त्यांनी फोटो काढले, ग्रामपंचायतीत चहा घेतला आणि गेल्या.

महिनाभरानं तालुक्याहून कळलं की पाहणीत जमीन पडीक ठरली. गवत नाही, चराई दिसत नाही, नाल्याच्या दोन्ही बाजू सोलरला योग्य.

गाव पेटलं. मला फोन आला की ताबडतोब या आणि लिहा, की बाईनं हापिसात बसून खोटं लिहिलं. मी गेले. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सगळे जमले होते. मी म्हटलं, त्या बाईनं खोटं लिहिलेलं नाही. मीही तिथं होते आणि मलाही गवत दिसलं नाही. ते कोणाला पटलं नाही. मी म्हटलं, मी लिहून आणते, तुम्ही ऐका.

चार दिवस लागले. सरळ लिहिलं. गायरान कोणाकोणाच्या कामाचं, बकऱ्या किती घरांच्या, दिवसा विजेची कोणाला गरज. रात्री ओलित करणारा एक कास्तकार म्हणाला होता, "बकऱ्याईसाठी आमी रातभर वावरात उभं राहाचं का?" तेही लिहिलं, कारण तो चुकीचं बोलत नव्हता. आणि मधे एक वाक्य लिहिलं, की तपासणीच्या आधी गावकऱ्यांनी स्वतःच गायरानातलं गवत कापलं आणि झुडपं जाळली, कारण अधिकारी येणार होते.

पुन्हा त्याच ओट्यावर मी वाचायला बसले. नियम सांगितला. बकऱ्यांचा भाग ऐकून लोक खूश झाले, ओलिताचा भाग ऐकून ओलितवाले खूश झाले. त्या वाक्यापाशी आले आणि एकदम सगळे बोलायला लागले. सरपंच उभा राहिला. म्हणाला, मावशी, ते वाक्य काढून टाका, जिल्ह्यात हसं होईल आमचं. एकजण म्हणाला, कापलं असं लिहू नका, कोणीतरी कापलं असं लिहा. दुसरा म्हणाला, गवत वाळून गेलं होतं असं लिहा. मी म्हटलं, वाळलेलं गवत उभं राहते, बापा, थे काई पळून जात नाही.

मागून एकजण म्हणाला, "तुमची चौथीच हाये ना, म्हून असं लिहिता. शिकलेला मानूस असं लिहिनार नाई."

"चौथीत खोटं लिहाले शिकवत नाईत," मी म्हटलं. "थे पुढच्या वर्गात असन."

काही जण हसले. सरपंच हसला नाही. तो म्हणाला की मग आमच्या गावाची बातमीच नको, आमच्यापैकी कोणी काही बोललं नाही असं समजा. हे मला लागलं. कारण त्यानं तसं ठरवलं असतं तर माझ्या कागदावर कोणाचंच नाव उरलं नसतं, आणि कोणाचंच नाव नसलेली बातमी ताई छापत नाही. खोटं लिहिलं असतं तर त्या अधिकारी बाईनं आपले फोटो पुढं केले असते आणि गाव कायमचं खोटं ठरलं असतं. खरं लिहिलं तर गाव मला तोंड बंद करायला सांगत होतं. मी कागद घडी घालून पिशवीत ठेवायला लागले.

तेव्हा बकऱ्यावाली बाई बोलली. ती सभेत कधी बोलत नाही. बसल्या जागेवरून, डोक्यावरचा पदर न सावरता ती म्हणाली, "राहू दे थे. खरंच त हाये. गवत म्या कापलं, माह्या विळ्यानं कापलं. लोकं हसतीन त हसतीन. हसल्यानं बकरी मरत नाई."

 मग सरपंच खाली बसला. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाला, "मंग हेही लिहा मावशी, का सरपंचानं कापाले सांगितलं. बायाईच्या डोक्यावर नोको टाकू."

मी तिथंच, त्याच्यासमोर, ओट्यावर कागद ठेवून ते वाक्य लिहिलं. मला माणसांबद्दल फार चांगलं वाटून घ्यायची सवय नाही. पण त्या दिवशी त्या दोघांचं मी मनात ऋण मानलं आणि अजून मानते. ती बाई बोलली नसती तर बातमी निघाली नसती. तो सरपंच ते बोलला नसता तर बातमी निघाली असती, पण माझ्या मनाला ती अर्धीच वाटली असती.

ताईनं बातमी पहिल्या पानावर घेतली. त्या वाक्याला हात लावला नाही. फोन करून फक्त एवढं विचारलं की हे त्यांना वाचून दाखवलंत ना. मी म्हटलं, वाचलं, भांडण झालं, राहिलं. ती म्हणाली, मग चालेल.

आणि जिल्हा हसला. सरपंचाची भीती खोटी नव्हती. माझा पुतण्या ट्रकवर असतो. त्यानं सांगितलं की कारंज्याच्या ढाब्यावर कोणीतरी ती बातमी मोठ्यानं वाचत होतं आणि जेवणारे हसत होते. तालुक्याच्या बैठकीत सरपंचाला 'या चकाचक' म्हणून हाक मारायला लागले. तो म्हणायचा, हो, आलो. एवढंच. मला त्यानं एकदाही बोल लावला नाही.

पण बातमी छापली म्हणून गवत उगवत नाही. उन्हाळाभर काहीच झालं नाही. कागद कुठल्या टेबलावर आहे ते कोणी सांगत नव्हतं. मी विचारायला गेले की म्हणायचे, विचाराधीन आहे, आजी. त्या बाईनं बकऱ्या कशाबशा जगवल्या. बाभळीच्या शेंगा, हिवराचा पाला, कोणाच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, परवानगीनं. बकऱ्यांचा व्यापारी बाजाराच्या दिवशी तिच्या दारासमोर गाडी थांबवायचा. ती नकाराची मान हलवायची. वैशाखात मी गेले तेव्हा तिनं दोन बकऱ्या त्याला विकल्या होत्या. म्हणाली, पोराचा फोन येऊन राह्यला, पंख्याखाली बसायला ये म्हणते.  मला वाटलं होतं ते मी तिला सांगितलं नाही, की बहुतेक जावं लागेल. तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं.

पोळा झाल्यानंतर एके दिवशी सरपंचाचा फोन आला. आवाज खाली होता. म्हणाला, मॅडम आल्या आहेत, न सांगता आल्या, मी वावरात होतो, मातीच्या पायानं उभा आहे, तुम्ही या. मी ऑटो करून गेले. गायरानावर गवत छातीला लागत होतं आणि त्यात त्या बाई उभ्या होत्या. सलवारीला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली होती. थोड्या अंतरावर बकऱ्या दिसत नव्हत्या, नुसतं गवत हलत होतं.

त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, बातमी तुम्ही लिहिली ना? मी हो म्हटलं. त्या रागात होत्या की नाही ते मला कळलं नाही. मग त्यांनी बाजूला उभ्या बकऱ्यावालीकडं वळून विचारलं, की मागच्या वेळी हे गवत तुम्हीच कापलं होतं?

"हो जी. म्याच."

"कशाला कापलं?"

"तुमी येनार होत्या म्हून."

त्या वाकून सलवारीची कुसळं काढत राहिल्या, आणि ती काही निघत नव्हती. मग म्हणाल्या, यापुढं मी येणार असं कळलं तर काहीही कापू नका.

"मंग कळवूच नोका ना जी," ती म्हणाली.

आधी सरपंच हसला. मग सगळेच, आणि त्या बाईही.

ग्रामसभा झाली. सोपी झाली नाही. ओलितवाले म्हणाले, सगळं गायरान घ्या. बकऱ्यावाले आणि गाईवाले म्हणाले, कणभर देणार नाही. दुपारभर चालली. शेवटी ठरलं की नाल्याच्या पलीकडं, मुरमावर, प्लेटा लागतील आणि अलीकडं गवत राहील. त्या बाईंनी नवा शेरा लिहिला आणि त्यात लिहिलं की आधीची पाहणी गवत कापलेलं असताना झाली, ती ग्राह्य धरू नये. स्वतःचं लिहिलेलं स्वतः खोडणारा अधिकारी मी एवढ्या वर्षांत फार पाहिला नाही. त्यांनी तसं केलं नसतं तरी कोणी त्यांना विचारणारं नव्हतं.

हेही लिहायला हवं की प्लेटा कमी लागल्या, त्यामुळं सगळ्यांना दिवसा वीज मिळाली नाही. काही जणांची पाळी अजून रात्रीचीच येते. 'बकऱ्याईसाठी' म्हणणारा तो कास्तकार माझ्याशी बोलत नाही. गाडीत समोर आला तर खिडकीतून बाहेर पाहतो. त्याचं मला वाईट वाटतं, पण त्याच्यासाठी मी वेगळं काही लिहिलं नसतं. त्याच्या रात्रीच्या पाळीची बातमी मी नंतर दोनदा केली. तो बोलायला तयार नव्हता, म्हणून त्याच्या भावाशी बोलले.

एवढी वर्षं लोक मला विचारतात की या वयात, एवढ्या उन्हात, एसटीत उभं राहून हे काम कशाला. मी खरं सांगते, मला आवडतं. वावरात काम केलं तेव्हा संध्याकाळी हात दुखायचे आणि सकाळी कोणाला आठवायचंही नाही की काल कोणी निंदलं. इथं मी विचारलं की समोरचा माणूस थांबून उत्तर देतो. ताईनं मला एक खुर्ची दिली आणि लोकांनी मला त्यांच्या ओट्यावर जागा दिली, हसं होत असतानाही. याहून मोठं काही मी मागितलं नव्हतं.

प्लेटा लागल्यावर थंडीत मी पुन्हा त्या गावाला गेले. बातमीचं काम नव्हतं, समुद्रपूरहून येताना उतरले. नाल्यापलीकडं तारेचं कुंपण होतं आणि आत निळ्या प्लेटा उन्हाकडं तोंड करून होत्या. अलीकडं वाळलेलं गवत उभं होतं. ती धुऱ्यावर बसली होती. नवी करडं झाली होती, उड्या मारत होती. तिनं मला धन्यवाद वगैरे म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर मला अवघडल्यासारखं झालं असतं. तिनं विचारलं, तुह्ये गुडघे कसे हायेत. मी म्हटलं, आहेत तिथंच आहेत. मग ती मला घरी घेऊन गेली. चुलीवर पातेलं ठेवलं, दारातल्या बकरीला बसल्या बसल्या पिळलं आणि ते दूध तसंच चहात ओतलं.

बकरीच्या दुधाचा चहा मला आवडत नाही. त्याला वास येतो. मी कप पूर्ण प्याले. तिनं न विचारता आणखी ओतला तेव्हा तोही प्याले.